साहेब आणि पाण्याची पळी

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहराच्या बसमध्ये पुढच्या बाकावर दोघे बोलत होते आणि मागे बसलेल्या सिर्काने कान टवकारले होते.

"राउतिओ साहेब सॉनातसुद्धा ओरडला?"

"सगळे उघडेबोडके घाम गाळत बसलोय आणि हा माझ्यावर खेकसतोय. सॉनात कोणी आवाज चढवतं का रे?"

"मग तू काय केलंस?"

"पाण्याची बादली माझ्याजवळ होती. तो ओरडला की मी तापलेल्या दगडांवर एक पळी ओतायचो. वाफ थेट त्याच्या तोंडावर."

"उठून गेला नाही?"

"सॉनात आधी उठेल तो हरला ना. शेवटी पळाला, टॉवेल तिथेच टाकून."

"आणि ऑफिसात?"

"आज सकाळी परत आवाज चढायला लागला. मी एवढंच विचारलं, 'साहेब, अजून एक पळी ओतू?'"

"मग?"

"दुपारी ऑफिसातल्या बायका विचारत होत्या, साहेबांचा घसा बसलाय का."