शिकागो आणि अर्धा स्लॅब

धर्मेंद्र गुरुजी : अरे, पण सगळे खाली कशाला उतरलात? अर्धा स्लॅब उघडा पडलाय. मिक्सरमध्ये माल नुसता फिरतोय.

नवसू : पाच वाजला, गुरुजी. जेवणाचा तास सोडून आठ तास झाला.

धर्मेंद्र गुरुजी : मुकादम तू, आणि तूच तास मोजतोस?

नवसू : सकाळी नारळ फोडला तवा तुमीच भाषण केला ना. अमेरिकेत शिकागो गाव हाय, तिथला मजूर रस्त्यावर आला, आठ तासांवर काम नाय कराचा बोलला. चार जण फासावर गेला. आमच्यातल्या गोदीच्या तर डोळ्यांत पाणी आला. जेवताना दुसरा विषयच नव्हता.

धर्मेंद्र गुरुजी : कामगार दिन म्हणून सांगितलं रे. जरा उत्साह यावा म्हणून.

नवसू : आला ना.

पुष्पलता : अहो, वाद कसला घालताय? गवंडी म्हणतो, इथे सांधा राहिला तर पावसाळाभर गळत राहील. मोखाड्यात भाड्याची बारा घरं बदलली मी तुमच्यामागे. आता हे तरी धड होऊ द्या.

धर्मेंद्र गुरुजी : नवसू, इतिहास नीट समजून घे. तो लढा कारखान्यातला. स्लॅबचं वेगळं असतं.

नवसू : कारखान्याचा मालक पण असाच बोलला असंल.

धर्मेंद्र गुरुजी : आणि खुद्द अमेरिकेत एक मेला सुट्टी नसते, माहीत आहे? त्यांचा कामगार दिन सप्टेंबरात. आज शिकागोत सगळे कामावर असतील.

नवसू : मंग तुमाला सुट्टी कशी?

धर्मेंद्र गुरुजी : मला महाराष्ट्र दिनाची आहे.

नवसू : आमी पण महाराष्ट्रातच राहतो, गुरुजी.

पुष्पलता : स्लॅबचं जेवण म्हणून तुमच्या शिक्षक संघटनेची माणसं आलीत ना? त्यांना म्हणावं, उचला घमेली.

धर्मेंद्र गुरुजी : विचारलं. अध्यक्ष म्हणाले, शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावू नयेत, असा आपलाच ठराव आहे.

पुष्पलता : आणि जेवण?

धर्मेंद्र गुरुजी : जेवणाबद्दल ठरावात काही नाही. बरं नवसू, दुप्पट मजुरी देतो. मग तर झालं?

नवसू : गोदीला विचारला मी. ती बोलते, ती माणसं जिवानिशी गेली, आन आपण दुपटीवर फुटाचा?

(पुष्पलता पदर खोचते आणि स्वतःच एक घमेलं उचलते.)

पुष्पलता : नवसूदादा, रडायला येतंय हो मला. काहीतरी वाट काढा.

नवसू : ठेवा ते खाली, बाई. वाट हाय. मजुरीला आमी येणार नाय, पण सावडीला येऊ. सावडीला तास नाय, मजुरी नाय. आमच्या गावात, पोशेऱ्यात, सगळा तसाच चालतो. आज आमी तुमच्याकडं, मंग तुमी आमच्याकडं.

धर्मेंद्र गुरुजी : आम्ही तुमच्याकडे काय करणार?

नवसू : आवणी. भाताची रोपां लावाची. माझ्या शेतात, गोदीच्या, बाबल्याच्या. जो कोण आज वर चढंल, त्याच्या.

धर्मेंद्र गुरुजी : आवणी जुलैत. तेव्हा शाळा भरलेली असते.

नवसू : रविवारी या.

धर्मेंद्र गुरुजी : रविवार माझ्या हक्काचा आहे.

पुष्पलता : आम्ही येतो, दादा. दोघंही. तुम्ही चढा वर.

नवसू : बाई बोलल्या. गुरुजी नाय बोलले अजून.

धर्मेंद्र गुरुजी : येतो बाबा, येतो. माल घट्ट होतोय तिकडे.

नवसू : गोदी, चढ गो. बाबल्या, मशीनवर जा. सावड हाय.

धर्मेंद्र गुरुजी : नवसू, थांब जरा. दिवसभर वाकून माझी कंबर राहायची नाही. पाच वाजता सोडशील ना?

नवसू : अर्धा शेत टाकून कसा उठाचा, गुरुजी?