सोळाच्या सोळा हिरव्या

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघं बहीणभाऊ नंबरची वाट बघत बसले होते. भाऊ अँब्युलन्सच्या फोनकेंद्रात सर्व्हर सांभाळणारा.

"ऑफिस सोडून आज माझ्याबरोबर कसा रे?"

"घरी बसवलंय, ताई."

"काय दिवे लावलेस?"

"परवा सकाळी केंद्रात एकही फोन आला नाही. पडद्यावर मात्र सोळाच्या सोळा लाइनी हिरव्या. साहेबांना म्हटलं, बाहेरून एक फोन लावून बघू या. तर म्हणे, हिरवं दिसतंय ना? मग शंका कशाला काढतोस!"

"आणि तू गप्प बसलास."

"बसलो. त्यांनी तर वर कळवून टाकलं, आज गावात सगळे ठणठणीत आहेत."

"धन्य आहे! मग कळलं कधी?"

"अकराला एक बाई धापा टाकत जिना चढून आल्या. नवऱ्याच्या छातीत कळ आलेली. तासभर फोन लावत होत्या बिचाऱ्या."

"अगं बाई! साहेब काय म्हणाले?"

"त्यांनी बाईंनाच पडदा दाखवला. म्हणाले, आमच्या लाइनी चालू आहेत, तुमचाच फोन बिघडलाय."

"आणि तू?"

"ड्रायव्हरला हाक मारली, बाईंना गाडीत बसवलं आणि पाठवलं. वाचला नवरा."

"मग तुझी पाठ थोपटायची सोडून घरी बसवलं?"

"फोनची नोंद नसताना गाडी सोडली ना! पत्र आलंय, दोन दिवसांत केंद्राला फोन करून खुलासा नोंदवा."

"मग नोंदव की मेल्या!"

"कालपासून लावतोय, ताई. नुसता वाजतोय."