पाणी कापू नकोस

“काका, तुमच्या दुकानातलं सगळ्यात महाग चित्र कुठलं?” मैत्रिणींनी पैज लावलेली, म्हणून कोपरीच्या फ्रेमवाल्या विश्रामकाकांना मी बिनधास्त विचारलं.

“सगळ्यात मोठं आहे ना, ते धबधब्याचं!”

माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या कोळीणमावशी हसल्या. “मोठं ते महाग? मग एवढी लांब मोरी मासळी इवल्याशा पापलेटापेक्षा महाग पायजे!”

“सरस्वतीमावशी, तुमच्या या होडीच्या चित्रावर तर सहीसुद्धा नाही. कोण विचारणार याला?” काका म्हणाले.

“माज्या सासऱ्याने काढलंय. होडीवर काय लिवलंय, वाच.”

“‘सरस्वती’. हे तर तुमचं नाव!”

“मी लगीन होऊन आले, तवा त्याने होडीला दिलं.”

“बरं. पण तयार फ्रेममध्ये बसवायला खालची दोन बोटं कापावी लागतील. तिथे नुसतं पाणीच आहे.”

“पाणी कापलंस तर होडी चालंल कशावर?”

“अहो, मापाची नवी फ्रेम चित्रापेक्षा महाग पडेल.”

“मासा कल्ला उघडून बगतात रे, टोपली बगून नाय घेत. बनव नवी!”

मग काकांनी माझ्या हातातल्या फ्रेमसाठी हात पुढे केला. “आण गं. बाबांचा फोन आलेला. सागवानी फ्रेम ठेवायची आणि आतलं चित्र काढून टाकायचं, ना?”

“नाही काका. फक्त काच पुसून द्या.”

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, “आई, बाबा, टिटवाळ्याच्या नव्या फ्लॅटच्या फोटोला दुसरी फ्रेम आणा. सरोजआत्याने काढलेलं चित्र याच फ्रेममध्ये राहणार आणि हॉलमध्येच लागणार, सोफ्याला मॅच होवो न होवो!”