दोन बोकडांची वाटणी

माझी गोष्ट लिहून घेताय तर घ्या: माझा जन्म अंजनगाव सुर्जीजवळच्या खेड्यात, माळ्याच्या घरात, वाढलो वांगी-मेथीच्या वाफ्यांवर. शिक्षण आठवीपर्यंत, ते का थांबले ते लिहू नका, पण मास्तर फळ्यावरचा सुविचार माझ्याच अक्षरात लिहून घेत, हे अवश्य लिहा. त्याच अक्षरावर पंचवीस वर्षे मी तहसील कचेरीसमोर लिंबाखाली अर्ज लिहितो, विशेषतः जमिनीच्या वाटणीचे, आणि माझ्या कागदावर खाडाखोड सापडणार नाही.

बकऱ्या मात्र माझ्या बायकोच्या, सुमनच्या. गेल्या वर्षी दोन बोकड झाले. काळू दांडगा; दुसरा भुऱ्या, त्याची आई वितानाच गेली, म्हणून सुमनने त्याला बाटलीवर वाढवला, गावासाठी पैदाशीचा बोकड करायचा म्हणून. चार महिन्यांचे होऊन दोघे बकऱ्यांच्या मागे लागले, तेव्हा त्यांना बकऱ्यांपासून वेगळे ठेवणे भाग पडले. सुमन म्हणाली, दोघायले एका जागीच ठेवा. पण काळू भुऱ्याला गव्हाणीवरून ढकलतो हे मी पाहिले होते, म्हणून मी न्याय केला: गोठ्याचे दोन समान हिस्से, मध्ये उंच फळ्या, स्वतंत्र दार, आणि दारावर पाट्या, हिस्सा क्रमांक एक, हिस्सा क्रमांक दोन.

काय सांगू तुम्हाला, आठ दिवसांत भुऱ्याने कुटाराचा चारा सोडला, फळीला तोंड लावून ओरडत बसे, सरकीची ढेप हुंगून तोंड फिरवी, बरगड्या मोजता येऊ लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासले, म्हणाले, आजार नाही, भाऊ, हा एकटा पडला. मी म्हटले, एकटा कसा, सामायिक हद्द आहे ना. तशी सुमन भडकली, अवो, वावर वाटून द्याले हे काय भाऊबंद आयेत? बकरीच्या जातीले बाजूले अंग लागते, हिस्सा नाई लागत. तुमी माणसं तोडाचे कागद लिहिता, आता मुक्या जनावराचाई लिहिला?

ते मला लागले. त्याच दुपारी दोघांना मोकळ्या वावरात सोडले, जिथे कोणाचीच जागा नव्हती; टकरा सुरू झाल्या, मी काठी घेऊन धावलो, तर सुमन म्हणाली, कावून मधात जाता, त्यायचं त्यायले ठरवू द्या. दिवस कलता कलता काळू थोरला ठरला, आणि भुऱ्या त्याच्या पोटाला टेकून बसला, रवंथ करू लागला. सुमन त्यांच्याजवळ मातीत बसली, म्हणाली, वाचलं माह्यं लेकरू.

मधल्या फळ्या काढल्या, गव्हाणी मात्र मी दोन ठेवल्या, दोन टोकांना. एक दांडग्याने अडवली तरी दुसरी मोकळी राहते, तेवढे माझे बरोबर निघाले, हेही लिहा. त्यांचे कपाळ ढकलून मी कोणाला खेळू देत नाही, मान आणि पाठच खाजवायची, कारण लहानपणी गंमत वाटलेली ढुशी मोठेपणी माणसाला आडवे करते.

आता गावातल्या बकऱ्या पैदाशीसाठी भुऱ्याकडे येतात. त्या फळ्यांचा आणि दारांचा मी ओटा केला. हिस्सा क्रमांक दोन अजून वाचता येतो, त्यावर दोघे अंगाला अंग लावून बसतात. माझ्या कागदावर खाडाखोड नाही म्हणालो ना, गोठ्यात एक आहे, माझी वाटणी मीच खोडली. ती राहू द्या. तुमच्याही घरी सगळे असेच जवळ बसोत.