चिखल, नऊ मीटर चाळीस

हसा... हसून घ्या! अहो खिडकीतून कशाला, खाली या, जवळून बघा, तिकीट नाहीये! माणूस छातीपर्यंत चिखलाने माखून संध्याकाळच्या वेळी स्वतःच्याच घराबाहेरच्या नळावर उभा राहिला की शेजाऱ्यांना हसू येणारच, त्यात तुमची काही चूक नाही. पण तुम्हाला सांगतो, हे जे माझ्या अंगावर आहे ना, ते असंतसं नाही. ह्याच्यासाठी मी नऊ दिवस डोंगर चढलोय, सहा तळी आणि एक दलदल पालथी घातलीय, ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी... आणि कशासाठी? तर चिखलासाठी!

बरं, मला चिखल नवा आहे का? पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात गळती शोधण्यात गेली माझी. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाइप कुठे कुरकुरतोय ते ऐकायचं. हसू नका, अख्ख्या खात्यात असा कान नव्हता कुणाला! मग खणायचं, खड्ड्यात उतरायचं, आणि संध्याकाळी घरी आलं की आमची ही दारात कमरेवर हात ठेवून उभी. "तिथेच थांबा! उंबरा ओलांडाल तर बघा! आधी नळावर!" पस्तीस वर्षं, हो! चिखल लागलेलं पाऊल ह्या घराच्या फरशीवर एकदाही पडलेलं नाही. फरशी बघितलीत ना आमची? तोंड बघून भांग पाडावा! निवृत्त झालो त्या दिवशी मी पहिलं काय म्हणालो असेन, तर सुटलो बुवा चिखलातून एकदाचा.

आणि चौथ्या महिन्यात भाची दारात. "मामा, तुझी जीप आहे, तू रिकामाच आहेस, चल ना माझ्याबरोबर डोंगरात. मला चिखल शोधायचाय."

मी म्हटलं, "बाई गं, चिखल शोधावा लागतो? तो आपणहून येतो की!"

तर म्हणे तसला नाही, खोल पाहिजे. म्हणजे असं बघा, डोंगरात जुनी तळी असतात, त्यांच्या तळाशी दरवर्षी थोडा गाळ बसतो, त्यात फुलांचे पराग पडतात आणि ते म्हणे कुजतच नाहीत. वर यंदाचे, खाली पणजोबांच्या वेळचे, आणखी खाली माणूस शेतीसुद्धा करत नव्हता तेव्हाचे. जितकं खाली जावं तितकं मागे. पोरगी तो गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरते आणि सांगते की दहा हजार वर्षांपूर्वी ह्या डोंगरावर कुठली झाडं होती. आता ती झाडं तर गेली, सावलीलासुद्धा उरली नाहीत, त्यांची चौकशी कशाला? पण विचारायची सोय नाही. तिला आठ मीटर गाळ हवा होता. तीन वर्षं ती त्यासाठी वणवण करतेय, आणि तिच्या सरांनी सांगून टाकलं होतं की ही शेवटची खेप. मिळाला तर ठीक, नाहीतर विषय बदला, पहिल्यापासून सुरू करा. तीन वर्षं पाण्यात! हे सांगताना पोरगी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसली, बराच वेळ. गमबूट होते हो ते! गमबुटाला नाडी कुठे असते? ही मागून म्हणालीच, "जा हो, जा, नाहीतरी दिवसभर माझ्या पायात पायात करत असता." झालं! गेलो, मी, पोरगी आणि तिचे सर. कशासाठी? तर चिखलासाठी!

आता लोकांची गंमत ऐका. डोंगरात कुठल्याही वस्तीत जा आणि विचारा, "तळं खोल आहे का हो?" एकजात सगळे एकच सांगतात. पहिल्या ठिकाणी एक दुकानदार, डोळे असे मोठ्ठे करून, "खोल? अहो, सात बाजांची दोरी उसवून, जोडून सोडली होती आमच्या आजोबांनी, तळ लागला नाही! त्याला तळच नाही!" आम्ही चिखलात उभं राहायला फळ्या घेतल्या, लोखंडी कांड्या घेतल्या, प्रत्येक कांडी एक मीटरची, एकीत दुसरी पिळून बसवायची आणि खाली दाबत जायचं. दोन तास चढून तळ्यावर पोचलो, सरांनी पहिली कांडी सोडली... टक्. गुडघाभर! एक बदक उभं होतं मध्यभागी. उभं! दुसऱ्या तळ्यावर शाळेचे मास्तर, "इथून घागर टाकली की पलीकडच्या दरीत निघते." कांडी टाकली, कमरेपर्यंत. तिसऱ्याला वनरक्षक म्हणाला, आत एक अख्खी बैलगाडी गेलेली आहे. गेली असेल, पण चाकं वर राहिली असणार! तुम्हाला सांगतो, तळ नसलेल्या तळ्यांचे इतके तळ मी त्या चार दिवसांत बघितले की काही विचारू नका.

आणि आमचे सर! माणूस सज्जन, विद्वान, पण तोंडात एकच शब्द. कांडी गुडघ्याला टेकली, "इंटरेस्टिंग." चष्मा पाण्यात पडला, "इंटरेस्टिंग." मी घसरून पाठीवर आपटलो, आकाश बघत पडलोय, वरून चष्मा डोकावतोय, "इंटरेस्टिंग." अहो, हात द्या आधी!

चौथ्या तळ्याला मात्र कांड्या चांगल्या पाच गेल्या. पाच म्हणजे आठ नव्हेत, पण नाही मामापेक्षा काणा मामा बरा, असं सरांनी ठरवलं. म्हणून मग कांडीला खालून ती अर्धगोल नळी लावली. नळी खाली न्यायची, फिरवायची, की मीटरभर गाळ तिच्यात अलगद बसतो, जसाच्या तसा. पोरीने जिवाच्या आकांताने ती वर ओढली, चिखलाने भरलेली, आणि माझ्या हातात दिली. "मामा, जरा धर, मी पेन्सिल काढते."

आता तुम्हीच सांगा. पस्तीस वर्षं माझ्या हातात जे जे हत्यार चिखलाने माखून आलं, ते मी काय केलं? धुतलं! हत्यार धुऊन ठेवायचं, नाहीतर गंजतं, ही माझी पहिली शिकवण. मी नळी पाण्यात घातली, खळाखळा धुतली, आतून बोट फिरवलं, सदऱ्याने पुसली आणि म्हटलं, "घे, कशी लख्ख झाली बघ!"

पोरीने नळीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग एवढंच म्हणाली, "मामा... बाराशे वर्षं धुतलीस रे..."

आणि सरांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच ते इंटरेस्टिंग म्हणाले नाहीत. म्हणाले, "मामांनी ह्यापुढे फक्त फळ्या उचलायच्या." झालं, हमाल! अख्ख्या खात्याचा कान मी, आणि माझ्या डोक्यावर फळ्या! खोटं कशाला बोलू, लाज वाटली मला. पोरीची शेवटची खेप आणि मी तिचा चिखल धुऊन दिला. पाचवं तळं आटलेलं निघालं, सहाव्याच्या तळाशी खडक. सातवा दिवस असाच गेला, आठवा तसाच. पोरगी पुन्हा नाडी नसलेल्या बुटांशी चाळा करायला लागली.

आठव्या दिवशी वाटेत एक मेंढपाळ भेटला, बिनकाठीचा. मी म्हटलं, "काठी कुठे?" तर म्हणे, "दलदलीत. मेंढी रुतली गळ्यापर्यंत, म्हणून किती खोल आहे बघायला काठी घातली, तर काठी गेली. ती काढायला दुसरी घातली, ती पण गेली. मेंढी आपली आपण निघाली." मी विचारलं, "मग तिला तळ नाहीच म्हणा ना?" तर तो म्हणाला, "असेल की! मला काय माहीत? मी कुठे गेलोय खाली?" तुम्हाला सांगतो, आठ दिवसांत भेटलेला पहिला खरा माणूस! मी तिथेच पोरीला म्हटलं, त्या दलदलीतच आहे तुझा चिखल.

आज सकाळी त्या दलदलीत उतरलो. हिरवंगार, वरून अगदी लॉनसारखं, आणि पाय ठेवला की अख्खं मैदान पोटासारखं हलतं. फळ्या टाकल्या, मीच टाकल्या, हमाल मीच ना! सरांनी कांडी सोडली. एक गेली, दोन गेल्या, तीन गेल्या... आणि चौथी अर्ध्यावर टक्. थांबली. सरांनी दाबलं, पोरगी लोंबकळली. नाही. सर म्हणाले, "तळ लागला. साडेतीन. खडक आहे." वही मिटली. वही मिटल्याचा आवाज काय असतो, तो त्या पोरीचं तोंड बघून कळला मला.

आणि मला राहवलं नाही! फळी टाकली, पुढे झालो, कांडीच्या वरच्या टोकाला कान लावला आणि हातातल्या पान्याने तिला एक टोला दिला. ठप्. पुन्हा दिला. ठप्. मी म्हटलं, "सर, हा खडक नाही. लाकूड आहे."

"मामा, हे शास्त्र आहे."

"सर, ही सळई आहे. खडकावर टेकली तर ती बोलते. लाकडावर गप्प बसते. खाली ओंडका आडवा पडलाय, तळ त्याच्याखाली आहे."

"कशावरून?"

"पस्तीस वर्षांवरून!"

पोरीने सरांकडे बघितलंच नाही, हो! सरळ म्हणाली, "मामा, कुठे घालू, सांग." कांड्या उपसल्या, दोन हात पुढे घातल्या, पुन्हा ठप्. म्हणजे ओंडका ह्या अंगाला पसरलाय. पाइप कुठून कुठे गेलाय ते काढायची हीच तर रीत! मग मी काटकोनात वळलो, चार हात बाजूला, म्हटलं, "घाल इथे."

चौथी कांडी गेली. साडेतीन ओलांडलं... आणि गेली! लोण्यात सुरी जावी तशी! पाचवी लावली, गेली! पोरगी मोजतेय, "सहा!" सर फळीवर गुडघे टेकून, "सात!" आणि जेव्हा ती आठवी चिखलाखाली दिसेनाशी झाली ना, तेव्हा पोरगी अशी किंचाळली की पलीकडच्या उतारावरची मेंढरं उधळली. मी म्हटलं, थांबा, तळ कुठे आलाय? नववी! आणि मग दहावी, शेवटची, ती धरायला मी फळीवर पालथा, फळी खचली, मी छातीपर्यंत आत, पण कांडी सोडली नाही! दाबली... दाबली... आणि टण्ण! बोलली! कानाला काय गोड लागलं म्हणून सांगू! नऊ मीटर चाळीस!

सर नाचायला उठले आणि त्यांचा एक बूट दलदलीने गिळला, त्या काठ्यांच्या सोबतीला. एका पायावर उभे राहून काय म्हणाले असतील? "इंटरेस्टिंग!" आणि मग माझा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मामा, मी चुकलो." विद्वान माणूस, हो!

मग दुपार टळेपर्यंत मीटर मीटर करत सगळा गाळ वर काढला. नळी माझ्या हातात पोरीने स्वतः दिली. हात नुसते शिवशिवत होते, पण एक थेंब पाणी लावलं नाही! सगळ्यात खालचा गाळ निळसर राखाडी निघाला, आणि पोरगी म्हणाली, "मामा, हा पडला तेव्हा हा डोंगर उघडा होता. एक झाड नव्हतं. सगळी झाडं ह्याच्यानंतर आली, आणि आता मी त्यांना एकेक करून ओळखणार." तेव्हा मला कळलं, कशासाठी? तर चिखलासाठी! डोळ्यात पाणी आलं, पुसायला गेलो, तर डोळ्यात चिखल.

अर्ध्या चिरलेल्या प्लास्टिकच्या पाइपात दहा तुकडे गुंडाळून ठेवले, वर कुठलं, खाली कुठलं, सगळं लिहून. पण आज शनिवार, विद्यापीठाची थंड खोली सोमवारी उघडणार. गाळ गार ठेवायचा, अंधारात ठेवायचा आणि आडवाच ठेवायचा. पोरीने भीत भीत हिला फोन केला. मला वाटलं आता फोनमधून लाटणं येतं की काय! तर ही काय म्हणाली माहितेय? "अगं, विचारतेस काय? घेऊन ये!"

आणि आत्ता, तुम्ही खिडकीत यायच्या दहा मिनिटं आधी, दोघी मिळून ते दहाच्या दहा पाइप समोरच्या दारातून, त्या फरशीवरून, आत घेऊन गेल्या. पाहुण्यांच्या खोलीत, पाहुण्यांच्या गादीवर! पडदे ओढले. आणि तो एसी... निवृत्त झाल्यापासून ज्याच्या बटणाला मला हात लावू दिला नाही, तो ह्या बाईने स्वतः चालू केला! ऐका, ऐका, आवाज येतोय ना? मी मागोमाग नुसतं एक पाऊल उचललं, तर दारात कमरेवर हात...

"अहो! तिथेच थांबा! आधी नळावर!"

आलो नळावर, काय करता! दहा हजार वर्षांचा, नऊ मीटर चाळीस चिखल आत गादीवर एसीत झोपलाय, आणि मी बाहेर उभा... कशासाठी? तर पायाला चिखल लागलाय!