भरणीवरची गाडी

माझ्या नातीचं, प्रीतीचं, लग्न झालं ते वर्ष दोन हजार चोवीस. दिवाळीनंतर मी मानपाड्याच्या गॅरेजात स्कूटर दुरुस्तीला घेऊन बसलो होतो. शेजारी राघोशेठ आणि त्यांचा मुलगा धनेश मेकॅनिक सुमितशी बोलत होते. मध्ये त्यांची डिझेलची जुनी मोठी गाडी उभी होती.

“सुमित, हिची मागचीच चाकं ओढतात. पुढच्यांनाही जोर दे.”

“शेठ, पुढे एक्सल घालायचा तर इंजिनखालचा ऑइलचा चेंबर आड येतो. अख्खं इंजिन वर उचलावं लागेल, गिअरबॉक्स बदलावा लागेल. चारही चाकं ओढणारी दुसरी गाडी घ्या ना.”

“मला हीच पाहिजे. परत चिखलात अडकता कामा नये.”

“बाबा, चिखल कुठून आला ते सांग ना त्याला.”

“तू गप बस रे.”

“का गप बसू? चाळ बांधायची म्हणून शेतात मातीची भरणी कोणी केली? भर जूनमध्ये आपल्याच वाटेवर डंपर कोणी खाली केले? मी सांगत होतो, पावसाळा जाऊ दे.”

“गाडीत दम असता तर निघाली असती.”

“दोन तास मी मागून ढकलत होतो. मागच्या सीटवर आईला श्वास घेता येत नव्हता, आणि तू स्टिअरिंगवर बसून गाडीला शिव्या देत होतास.”

“शेठ, मी काय करू ते सांगा.”

“चारही चाकांना जोर दे, सांगितलं ना.”

“आधी वाटेवर खडी टाक, बाबा. अजून टाकली नाहीस.”

गाडीच्या मागच्या काचेवर एका बाईचा फोटो चिकटवला होता. त्याखालची अक्षरं मी सावकाश वाचली. बायजा राघो मढवी नऊ जुलै दोन हजार चोवीसला वारल्या.