गिटवरचं दळण

केतनले गिट कोणी शिकवलं म्हणता? मीच, अन् तिथंच सगळा घोळ झाला.

आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात सरांनी सांगितलं, प्रोग्रामिंगचा होमवर्क आता पेन ड्राइव्हवर नाई, गिटवर, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर द्यायचा. दरवेळी सेव्ह करताना काय झालं अन् काम काऊन थांबलं, ते एका ओळीत लिहायचं. मी आपलं खरं खरं लिहिलं, 'लूप अर्धा झाला. आईनं दळण आणायले पाठवलं.'

केतनले गिट शिकवत होतो, तेव्हा त्यानं माझा होमवर्क फक्त पाहाले मागितला. पठ्ठ्यानं प्रोग्राम तर उतरवलाच, या ओळीही जशाच्या तशा उतरवल्या!

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघांचंही काम प्रोजेक्टरवर लावलं. "कोणी कॉपी केली? सांगा, नाई तर दोघांलेही शून्य."

केतन छाती काढून म्हणे, "सर, माझं ओरिजिनल आहे."

माझा तर जीवच गेला. सर ओळी वाचत वाचत मध्येच थांबले.

"केतन, तू होस्टेलवर राहतो ना?"

"हो सर."

"अन् घर तिकडं दूर गिरड गावाले?"

"हो सर."

"मग इथं दळणाले पाठवणारी आई कोणती?"

केतन जरासा अडखळला. "सर, मेसच्या काकूले मी आईच म्हणतो."

सगळा वर्ग हसून लोटपोट. शून्य त्याले एकट्यालेच मिळालं.

पण गोष्ट मेसपर्यंत पोचली. काकूचे डोळेच भरून आले. तेव्हापासून दर रविवारी ती गव्हाचा डबा त्याच्या हातात देते, "बेटा, आईचं एवढं दळण आणून देजो."